‘इतर अधिकार’ हा रकाना कोरा होता

आमच्या क्लबला स्वतःचं मैदान कधीच नव्हतं, हे आम्हाला मैदान गेल्यावर कळलं. तोवर दोन पिढ्या त्याला ‘आपलं ग्राउंड’ म्हणत होत्या. रिक्षावाल्याला नुसतं ‘फुटबॉलचं ग्राउंड’ सांगितलं तरी तो बरोबर गेटसमोर सोडायचा. सातबाऱ्यावर मात्र मालक म्हणून कंपनीचं नाव होतं आणि मालकाशिवाय इतर कुणाचे हक्क जिथे नोंदवतात तो ‘इतर अधिकार’ हा रकाना कोरा.

ठाणे आणि नवी मुंबईत आमच्यासारखे आणखी क्लब आहेत, जे कंपनीच्या, संस्थेच्या किंवा गावकीच्या जागेवर वर्षानुवर्षं खेळतात आणि त्या जागेबद्दल कधी कागद काढून बघत नाहीत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. कंपनी, बिल्डर आणि क्लब, तिघांचीही नावं मुद्दाम घेत नाही. प्रकरण समजायला नावांची गरज नाही.

मैदान

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट उभी राहिली, आणि पोखरण रोड, माजिवडा, बाळकुम, कोलशेत हा सगळा भाग भोंग्याच्या वेळेवर चालू लागला. आमची कंपनी त्यातलीच, मधल्या आकाराची. कँटीनच्या मागे मोठा रिकामा तुकडा होता. पुढे कारखाना वाढवायचा म्हणून राखून ठेवलेला. तो वाढला नाही आणि तिथे कामगार संध्याकाळी फुटबॉल खेळू लागले.

तो काळ कंपन्यांच्या फुटबॉलचा होता. मुंबईत १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स कपमध्ये मफतलाल, टाटा यांचे संघ उतरायचे, आणि चांगला खेळणाऱ्या पोराला खेळाच्या जोरावर नोकरी लागायची. आमच्या कंपनीचा संघ काही तेवढा मोठा नव्हता. पण वेल्फेअर ऑफिसर खेळाचा दर्दी होता. त्याने कामगारांच्या मुलांसाठी क्लब काढायला सांगितलं, स्वतः घटना लिहून दिली आणि मैदान वापरायला एका पानाचं पत्र दिलं. ते पत्र दर वर्षी नव्याने मिळायचं.

मैदान पूर्वेच्या कोपऱ्याकडे उतरतं होतं. जूनमध्ये त्या कॉर्नरला घोट्यापर्यंत पाणी साचायचं आणि आमचे लेफ्ट विंगर तिथून पाण्यातच क्रॉस मारायला शिकले. बाहेरचे संघ तिथे चेंडू नेऊन अडकायचे. रविवारी सकाळी सहाला दोन मुलं फक्की मारायची, दोघं दोरी धरून उभी राहायची. गोलच्या जाळ्या आमचे जुने कोच, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, स्वतः विणायचे. कोलशेतच्या कोळी-आगरी घरांतून आलेल्या पोरांना जाळं विणणं घरचंच, तेही मदतीला बसायचे. मैदानाची लांबी अठ्ठ्याण्णव मीटर आणि रुंदी साठ. हे माप मला पाठ आहे, कारण पुढे ते मला बऱ्याच टेबलांवर सांगावं लागलं.

शेवटच्या काही वर्षांत मुलींचाही संघ झाला. कंपनीच्या आवारातलं मैदान, गेटवर ओळखीचा वॉचमन, आतला रस्ता उजेडाचा. घरच्यांनी मुलींना पाठवलं ते या तीन गोष्टींमुळे.

कसं गेलं

आधी दुसरी पाळी बंद झाली. मग व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. मग उत्पादन गुजरातेत हलवलं आणि इथे फक्त गोदाम राहिलं. ठाण्यातल्या कितीतरी कंपन्यांची गोष्ट अशीच आहे. ज्यांना तपशील हवा त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखाली कारखान्यांना जादा जमीन ठेवायला सूट मिळायची, ती उद्योगासाठी वापरायच्या अटीवर. महाराष्ट्रात तो कायदा २००७ च्या नोव्हेंबरात रद्द झाला. ज्या जमिनी कारखान्याच्या नावाने अडकून होत्या त्यांचा बाजार मोकळा झाला. औद्योगिक विभागातली जागा रहिवासी वापरासाठी बदलून घेता येत होतीच. ताळेबंदात कारखान्यापेक्षा त्याखालची जमीन भारी झाली, आणि मग तो कारखाना कुणाला चालवायचाच नव्हता.

कंपन्यांच्या खेळाचंही तेच झालं. महिंद्रा युनायटेडसारखा देशपातळीवरचा संघ २०१० मध्ये बंद झाला, तिथे आमच्या वेल्फेअर ऑफिसरची काय कथा. ते निवृत्त झाले आणि त्या पदावर कुणी आलंच नाही. वार्षिक पत्र मागायला आम्ही एचआरकडे गेलो. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही खेळा ना, पत्राचं काय एवढं.” आम्ही खूश होऊन परत आलो. आज मला वाटतं, मैदान आम्ही त्या दिवशी घालवलं. ज्या दिवशी लेखी परवानगी तोंडी झाली, त्या दिवशी आम्ही कागदावरून पुसले गेलो आणि आम्हाला तो आपलेपणा वाटला.

नंतर सगळं भराभर झालं. गेटवरचा वॉचमन बदलला, नवी एजन्सी आली. एका सकाळी गोलपोस्टच्या मागे लाल रंग लावलेल्या खुंट्या दिसल्या. पोरांनी त्या उपटून कोन म्हणून ड्रिबलिंगला वापरल्या. पंधरा दिवसांनी सर्व्हेवाले परत आले आणि त्यांनी शांतपणे नव्या ठोकल्या. पुढच्या महिन्यात पत्रे लागले. आमचे गोलपोस्ट आतच राहिले. नव्या सुरक्षारक्षकाला विनवून आम्ही जाळ्या तेवढ्या सोडवून आणल्या.

ट्रंक आणि वकील

क्लबची कागदपत्रं एका लोखंडी ट्रंकेत होती. ती आम्ही वकिलांच्या टेबलावर रिकामी केली. फोटो, ढालींची यादी, वर्गणीची पावतीबुकं, स्पर्धांची पत्रकं. वकीलबाईंनी ते सगळं हाताने बाजूला सारलं आणि तीन गोष्टी मागितल्या.

पहिली गोष्ट, परवानगीची पत्रं. ती अकरा सापडली. प्रत्येकात एक ओळ तीच होती: ही परवानगी तात्पुरती असून त्यामुळे जागेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही. कायद्याच्या भाषेत हा नुसता परवाना. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याची व्याख्या आहे. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर काही करण्याची मुभा. ती मुभा नसती तर तेच करणं बेकायदा ठरलं असतं, आणि ती मिळाली म्हणून जमिनीत हितसंबंध तयार होत नाही. किती वर्षं खेळलात याने फरक पडत नाही, कारण तुम्ही मालकाच्या परवानगीनेच खेळत होतात. “चाळीस वर्षांचा ताबा” असं जे आम्ही प्रत्येकाला सांगत होतो, त्याला कायद्यात वजन नव्हतं.

दुसरी गोष्ट, बांधकामाची बिलं. त्याच कायद्याच्या कलम ६० मध्ये एक फट आहे. परवान्यावर विसंबून एखाद्याने कायम स्वरूपाचं काम केलं असेल आणि त्यासाठी खर्च केला असेल, तर मालकाला तो परवाना मनात येईल तेव्हा मागे घेता येत नाही. आम्ही खेळाडूंना कपडे बदलायला एक खोली बांधली होती आणि प्रेक्षकांसाठी लांब ओटा. वकीलबाईंचे डोळे चमकले. बिलं कुठे आहेत? बिलं नव्हती. विटा एका पालकाने दिल्या, सिमेंट कंपनीच्याच स्टोअरमधून आलं, गवंडीकाम पोरांच्या वडिलांनी दोन रविवारांत केलं. सगळ्यांनी प्रेमाने केलं आणि कुणी पावती फाडली नाही.

तिसऱ्या गोष्टीने मान खाली गेली. क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला होता. वकालतनाम्यावर सही कोण करणार, म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा काढला. त्यावर नऊ विश्वस्तांची नावं. त्यातले सहा वारलेले, एक कायमचा कोकणात, एक अंथरुणाला खिळलेला. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आम्ही दर वर्षी सभा घेत होतो, नवी कमिटी निवडत होतो, टाळ्या वाजवत होतो. बदल अर्ज एकदाही दिला नव्हता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी, जो पंधरा वर्षं सेक्रेटरी म्हणून सह्या करत होतो, कुणीच नव्हतो. ती दुरुस्ती होईपर्यंत पाया खोदून झाला होता.

आरक्षण का नव्हतं

जमीन खासगी असली तरी मैदान वाचू शकतं, त्याचा रस्ता विकास आराखड्यातून जातो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे महापालिका आराखडा करते, त्यात खेळाच्या मैदानासाठी जागा आरक्षित करते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कुणीही नागरिक हरकत-सूचना देऊ शकतो आणि त्यावर सुनावणी होते. ठाण्याचा आधीचा आराखडा १९९९ चा. त्याच्या प्रारूपाच्या वेळी आमच्या जागेवर रोज साठ-सत्तर मुलं खेळत होती आणि नकाशात तो तुकडा औद्योगिक विभागाच्या जांभळ्या रंगात बुडालेला होता. कुणी येऊन बघितलं नाही, हे खरं. आम्हीही कुणी जाऊन सांगितलं नाही. नगररचनेच्या कार्यालयात नकाशा भिंतीवर लावलेला असताना आम्ही त्याच रस्त्याने प्रॅक्टिसला जात होतो.

आरक्षण म्हणजे मैदान मिळालंच असं नाही, हेही सांगायला हवं. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप उठतं. महापालिका पैसे नाहीत म्हणून गप्प बसते आणि मुदत संपते. तरीही आरक्षण असलं की निदान भांडायला एक कागद असतो.

घणसोलीने ते दाखवून दिलं. नवी मुंबईत घणसोलीला २० एकर जागा २००३ पासून शासकीय क्रीडा संकुलासाठी ठेवलेली होती. २०१६ मध्ये त्यातला भाग सिडकोने खासगी विकासकाला घरं आणि दुकानांसाठी दिला. २०२१ मध्ये राज्य सरकारने संकुलच रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, सुमारे ११५ किलोमीटरवर न्यायचं ठरवलं. घणसोलीच्या पोराने शाळा सुटल्यावर माणगावला जाऊन धावायचं! वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने जनहित याचिका केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानेही शहरातल्या उरल्यासुरल्या हिरव्या जागा बिल्डरांना देण्याच्या वृत्तीवर कडक शब्दांत बोट ठेवलं. तिथे संकुलाची वीटही रचलेली नव्हती, पण जागा कशासाठी ठेवली होती याची नोंद होती. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. मैदान होतं, गोलपोस्ट होते, खेळणारी मुलं होती. नोंद नव्हती.

वाटाघाटी

बिल्डरच्या ऑफिसात आम्हाला चहा मिळाला, मान मिळाला. तरुण आर्किटेक्टने पडद्यावर ले-आउट उघडला आणि एका हिरव्या चौकोनावर बाण नेला. “सर, स्पोर्ट्‌स अ‍ॅमेनिटी आहे ना आपल्याकडे.” मी प्रिंट मागितली, स्केल विचारलं आणि कंपासमधली पट्टी लावली. अडतीस मीटर बाय वीस. चौथ्या मजल्यावरच्या पोडियमवर, खाली गाड्या.

इथे जरा आकडे मांडतो, कारण सगळी फसगत याच आकड्यांत आहे. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे मोठ्या ले-आउटमध्ये किमान १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडायची असते. ऐकायला बरं वाटतं. १० एकरांचा भूखंड धरा, १० टक्के म्हणजे १ एकर, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. फुटबॉलच्या नियमांत मैदान कमीत कमी ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद लागतं, म्हणजे ४,०५० चौरस मीटर. १० एकरांचा प्रकल्प सगळी मोकळी जागा एका तुकड्यात देऊन टाकेल तरी सगळ्यात लहान नियमबद्ध मैदानाला ती तीन चौरस मीटरनी अपुरी पडते. रेषेबाहेर थांबायला, थ्रो-इनसाठी मागे सरकायला जागा धरलेलीच नाही. १०५ बाय ६८ चं मोठं मैदान ७,१४० चौरस मीटरचं. प्रत्यक्षात तो एक एकर बागेत, जॉगिंग ट्रॅकमध्ये, मंदिरात आणि झोपाळ्यांत वाटला जातो. नियम पाळूनही मैदान संपतं ते असं.

पोडियमबद्दल आम्ही भांडलो. मुंबईतल्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोरंजनासाठीची किमान जागा जमिनीवरच हवी असं म्हटलं होतं. ते आम्ही दाखवलं. तो निकाल मुंबईच्या तेव्हाच्या नियमावलीवरचा, तुमच्या इथे लागू नाही, असं उत्तर मिळालं. खरं-खोटं करायला कोर्टात जायला हवं होतं, आणि सही कोण करणार हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता.

मिळालं काय, तर सहा महिने सकाळी सहा ते आठ मैदानाचा अर्धा भाग, बांधकाम तिथवर पोचेपर्यंत. बाकीच्या अर्ध्यात सळया उतरवलेल्या. मी मुलांना बूट घातल्याशिवाय उतरू दिलं नाही. तरी एकाच्या तळव्यात खिळा गेलाच, आणि मी त्या दिवसापासून प्रॅक्टिस थांबवली. सुविधा भूखंड म्हणून एक तुकडा महापालिकेकडे गेला. तो मैदानासाठी मिळावा म्हणून आम्ही तीन अर्ज केले. त्याचा आकार एल अक्षरासारखा आहे, त्यात मैदान बसत नाही. याला कुणाचा डाव म्हणायचं की योगायोग, मी ठरवू शकलेलो नाही.

नंतर

आधी महापालिकेच्या मैदानावर गेलो. तिथे चार क्रिकेटच्या पिचेस एकमेकांत घुसलेल्या, आणि सप्टेंबर ते जानेवारी मंडप, प्रदर्शनं, सभा. मंडपाचे खांब काढल्यावर राहिलेले खड्डे आम्ही घमेल्याने बुजवायचो. मग टर्फ, म्हणजे जाळी लावलेलं, तासावर भाड्याने मिळणारं कृत्रिम गवताचं छोटं मैदान. तिथे संध्याकाळचा भाव तासाला हजाराच्या पुढे. चाळीस मुलांचा क्लब असा वर्गणीवर चालत नाही. ज्यांचे आईवडील भरू शकतात ते राहिले. ज्यांच्यासाठी क्लब काढला होता ती कामगारांची, गावठाणातली मुलं एकेक करून गळाली. मुलींचा संघ पहिल्या वर्षीच मोडला. टर्फवर मोकळी वेळ रात्री नऊची मिळायची आणि एकाही घरातून होकार आला नाही. त्या घरांना मी दोष देत नाही.

खेळही बदलला. जाळीच्या पिंजऱ्यात चेंडू भिंतीला लागून परत येतो, त्यामुळे मुलं तो आत ठेवायला शिकतच नाहीत. लांब पास नाही, ऑफसाइड नाही, डोक्याने चेंडू काढणं नाही. गेल्या पावसाळ्यात चौदा वर्षांखालच्या एका स्पर्धेत आमचा एक चपळ पोरगा पूर्ण मैदानावर पहिल्यांदा उतरला. पायात जादू आहे त्याच्या. पंचविसाव्या मिनिटाला तो मधल्या वर्तुळात कमरेवर हात ठेवून उभा राहिला. चेंडू डावीकडून त्याच्या मागे गेला, आणि वळून बघायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. त्याच्या आयुष्यात मागे कधी मोकळी जागा नव्हतीच. हाफ टाइमला माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, ग्राउंड एवढं मोठं का असतं?”

त्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या लोकांवर माझा राग नाही. आमच्याच क्लबचे दोन जुने खेळाडू कर्ज काढून तिथे राहतात. त्यांच्या मुलांना पोडियमवर चेंडू घेऊन उतरलं की शिट्टी वाजते, सोसायटीचा फलक आहे. त्यातला एक परवा म्हणाला, त्याची गॅलरी साधारण आपल्या उत्तरेकडच्या गोलपोस्टच्या वर येते.

२०२४ चं प्रारूप

ठाण्याचा नवा प्रारूप विकास आराखडा २०२४ मध्ये आला तेव्हा आम्ही यावेळी वाट बघितली नाही. बदल अर्ज मंजूर करून घेतले होते, परिशिष्टावर आता जिवंत माणसांची नावं आहेत. गावठाणाला लागून एक मोकळी जागा आहे, पोरं तिथे खेळतात, गोल म्हणून दोन दगड. नकाशात ती नुसती रहिवासी विभागात दाखवलेली. आम्ही सातबारा काढला, सर्व्हे नंबर लिहिला, चार रविवारांचे तारीख दिसणारे फोटो जोडले, आजूबाजूच्या दोन शाळांची पत्रं घेतली. मालकाचा मोबदला कसा द्यावा यावरही एक परिच्छेद घातला, कारण त्याचं नुकसान करून आम्हाला मैदान नको आहे. शिवाय कलम १२७ ची मुदत कोण मोजणार, म्हणून संपादनाचा टप्पा आराखड्यातच लिहावा अशी मागणी केली.

हरकत दाखल करायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारलं, जागेचं माप किती? आम्ही अंदाजे लिहिलं होतं. परत आलो. संध्याकाळी मास्तर सायकलवरून आले, आता त्यांना धाप लागते. त्यांनी टेपचं एक टोक दगडाजवळ धरलं आणि दुसरं त्या चौदा वर्षांच्या पोराच्या हातात दिलं. तो धावत सुटला. टेप पन्नास मीटरचा होता, म्हणून मधे खूण करून दोनदा धावावं लागलं. ब्याण्णव बाय अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी ते आकडे भरून अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोहोच घेतली. तिच्या तीन झेरॉक्स काढल्या, एक ट्रंकेत ठेवली.